कीवानचा बाण सगळ्यात लांब: एका एपिसोडच्या प्रकल्प नोंदी

२ जून

सुरुवातीपासून लिहून ठेवतेय, नाहीतर मागच्या वेळसारखं होणार, चार महिन्यांनी फाइल उघडायची आणि आपणच काय ठरवलं होतं ते आपल्यालाच आठवायचं नाही. तर प्रोजेक्ट असा आहे: एकच एपिसोड घ्यायचा, त्यातलं कोण कुणाच्या बाजूचं आहे आणि ती बाजू कधी, कशाने हलते याचा सीनवार तक्ता करायचा, आणि त्या तक्त्यावरून दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ. क्लिप्स वापरायच्या नाहीत. नुसत्या रेषा आणि माझा आवाज. लिहिणं-बोलणं माझ्याकडे, एडिटिंग दादाकडे. दादाने आयुष्यात स्टार ट्रेक बघितलेलं नाही आणि ते बरंच आहे, त्याला कळलं नाही तर माझ्या सांगण्यात खोट आहे असं सरळ धरायचं.

एपिसोड ठरलाय. स्टार ट्रेकमधली डीप स्पेस नाईन ही मालिका, सहावा सीझन, दुसरा भाग, ‘रॉक्स अँड शोल्स’, ऑक्टोबर १९९७, लेखक रोनाल्ड डी. मूर. याच सीझनमधला ‘इन द पेल मूनलाइट’ का नाही घेतला असं मला विचारणार लोक, त्यावर एवढं बोलून झालंय की मला नवीन सांगायला काही उरलेलं नाही, आणि तिथे मालिकेचा नायक सिस्को एकटाच घसरतो. इथे चार-पाच जण एकमेकांत अडकलेत.

३ जून

पूर्ण एपिसोड बघितला, मध्ये न थांबवता. दादासाठी गोष्ट थोडक्यात लिहितेय, हीच पुढे व्हिडिओच्या सुरुवातीला वापरीन.

युद्ध चालू आहे. एकीकडे फेडरेशन आणि क्लिंगॉन, दुसरीकडे डोमिनियन आणि त्यांना जाऊन मिळालेले कार्डेशियन. स्पेस स्टेशन डोमिनियनच्या ताब्यात गेलंय. स्टेशन ज्या बेजोर ग्रहाजवळ आहे त्या बेजोरने मात्र डोमिनियनशी अनाक्रमण करार केलाय, आणि तो करार करा असं सांगणारा खुद्द सिस्कोच, म्हणजे फेडरेशनचा कप्तान, कारण बेजोर वाचवायचा दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता. त्यामुळे मेजर किरा नेरीस, जी जन्मभर कार्डेशियन लोकांशी लढली, ती आता त्यांच्याच शेजारी बसून स्टेशनचा कारभार बघतेय. ही एक गोष्ट.

दुसरी: सिस्को आणि त्याची माणसं शत्रूकडून पकडलेल्या जहाजातून पळताना एका ओसाड ग्रहावर कोसळतात. तिथे आधीच एक डोमिनियनची तुकडी अडकलेली आहे. जेमहदार सैनिक आणि त्यांच्यावरचा एक व्होर्टा अधिकारी, कीवान, तोही जखमी.

या दोन गोष्टी आळीपाळीने दिसतात आणि शेवटपर्यंत एकमेकींना भेटत नाहीत. एकही पात्र इकडचं तिकडे जात नाही. पहिल्यांदा बघितला होता तेव्हा मला हे दोन अर्धे एपिसोड चिकटवल्यासारखे वाटले होते, खरं सांगायचं तर किराचा भाग आला की मी घाई करायचे, कधी एकदा ग्रहावर जातोय असं व्हायचं. आता उलटं झालंय.

५ जून

एक्सेल शीट केली. उभ्या ओळीत सीन, आडव्या ओळीत पात्रं. डोमिनियनच्या बाजूला असेल तर लाल, विरोधात असेल तर निळा, मधे कुठेतरी असेल तर जांभळ्या छटा. दोन संध्याकाळी गेल्या यात.

६ जून

दादाने शीटवरून रेषा काढून दिल्या. प्रत्येक पात्राची एक रेषा, वर लाल, खाली निळा. आणि सगळं मुसळ केरात.

कारण चित्र असं दिसतंय. कीवानची रेषा पार वरून सुरू होते आणि शेवटी धाडकन खाली, शत्रूच्या हातात. त्याचा बाण सगळ्यात लांब. जेमहदारांचा म्होरक्या रेमाटाक्लान: सपाट. पहिल्यापासून मरेपर्यंत सरळ लाल रेषा, जरा म्हणून हलत नाही. आणि किरा, जिच्यासाठी मी हा एपिसोड घेतला, तीही जवळजवळ सपाट, कारण एपिसोडच्या सुरुवातीला ती ज्या पदावर, ज्या गणवेशात, ज्या स्टेशनवर आहे, शेवटीही तिथेच आहे. राजीनामा नाही, पळून जाणं नाही, बंदूक उचलणं नाही. फक्त शेवटच्या टोकाला जरा जांभळं.

दादा म्हणाला, “अगं, मग तुझ्या या चित्राप्रमाणे या एपिसोडमध्ये वाढलेला एकमेव माणूस म्हणजे तो पळपुटा.”

बरोबर आहे त्याचं. आणि कीवान तर एका इंचानेही वाढत नाही, तो पहिल्या सीनला जेवढा थंड आणि आपमतलबी आहे तेवढाच शेवटच्या सीनला. बाजू बदलली की पात्र बदललं असं मी न बोलता गृहीत धरलेलं, शीट त्याच्यावरच उभी होती.

फाइलचं नाव बदलून ‘जुनं चुकलेलं’ असं ठेवलंय. डिलीट करत नाहीये, हेच चित्र व्हिडिओच्या सुरुवातीला दाखवायचं.

९ जून

काही झालं नाही. दादाला काम होतं, मला कंटाळा होता.

११ जून

किराच्या दोन सकाळी. यावर नीट लिहिते कारण सगळं यातच आहे असं आता वाटायला लागलंय.

एपिसोडमध्ये एक सकाळ येते. किरा उठते. आरशासमोर गणवेश सारखा करते, स्वतःकडे एक नजर टाकते, बाहेर पडते, आसपास कार्डेशियन, जेमहदार ये-जा करतायत, ती कामाच्या जागी पोचते आणि दिवस सुरू होतो. बस एवढंच. संगीत नाही चढत, कुणी काही महत्त्वाचं बोलत नाही. घाई करत बघणारा माणूस (मी) हा सीन विसरून जातो, आणि विसरावा म्हणूनच तो तसा केलाय. तिला त्यात काही खुपत नाही. तीच तर गोम आहे, पण ती तेव्हा कळत नाही.

मग मधे यासिमचं प्रकरण होतं (त्यावर उद्या), आणि नंतर पुन्हा सकाळ. तेच उठणं. तोच आरसा. तोच रस्ता, तीच कामाची जागा, तेच लोक. शॉट्ससुद्धा जवळजवळ तेच. फक्त आता ती आरशात बघते ते आपल्याला ओळखीचं कुणीतरी नको तिथे दिसल्यासारखं, आणि कामाच्या जागी पोचल्यावर आजूबाजूला कोण बसलंय हे तिला पहिल्यांदा *दिसतं*. कालही तेच बसले होते.

किरा झालेल्या नाना व्हिजिटरचा अभिनय इथे बघावा. डोळे आणि जबडा, बाकी काही नाही. एकही वाक्य नाही दिलेलं तिला.

मी दोन्ही सकाळी शेजारी-शेजारी लावून बघितल्या आणि मग मला शीट का चुकली ते समजलं. मी निष्ठा *बदलण्याचा* क्षण शोधत होते, म्हणजे ती उभी राहून म्हणेल की आजपासून मी यांच्याबरोबर नाही. तसा क्षण या बाईला नाहीच, कारण ती जेव्हा तिकडे गेली तेव्हाही कुठे ठरवून गेली होती? करार झाला, तिला थांबायला सांगितलं, ती थांबली. बेजोरशी इमान, सिस्कोच्या सांगण्याशी इमान, आणि त्या इमानाचं बोट धरूनच ती रोज थोडी थोडी सरकत शत्रूच्या टेबलाशी जाऊन बसली. तिची चूक बेइमानीतून आलेलीच नाही. एपिसोड तिला दुसरीकडे नेत नाही, ती आत्ता कुठे उभी आहे तेवढं दाखवतो.

दादाला दोन्ही सकाळी दाखवल्या, आवाज बंद करून. तो म्हणाला, “दुसऱ्या वेळी ती आजारी आहे का?” ठीक आहे, चालेल हे उत्तर.

१२ जून

वेडेक यासिम. वेडेक म्हणजे बेजोरच्या धर्मातल्या वरच्या पायरीच्या धर्मगुरू. ही वयस्कर बाई स्टेशनवर डोमिनियनच्या विरोधात निदर्शन करायचं ठरवते. किरा तिला समजवायला जाते, की असं करू नका, करार आहे, शांतता आहे, हे बिघडवू नका. किराचा एकेक मुद्दा बिनतोड आहे, मी कागदावर उतरवून काढले, एकही खोटा नाही. आणि ऐकताना मात्र प्रत्येक वाक्य दुसऱ्याच कुणीतरी तिच्या तोंडी घातल्यासारखं वाटतं. यासिम तिला शांतपणे सांगते की तू त्यांची बाजू सावरायला लागलीस.

मग ठरलेल्या वेळी माणसं जमतात. यासिम वरच्या मजल्यावर कठड्यापाशी. गळ्यात दोर. ती किराकडे बघते, दुष्टपणाला विरोध झालाच पाहिजे एवढंच म्हणते आणि उडी टाकते.

हा सीन मी आज तीनदा बघितला आणि चौथ्यांदा नाही बघितला. व्हिडिओत यासाठी चित्र काही करायचं नाही असं ठरवलंय. त्या जागी रेषा थांबेल, दोन सेकंद, आणि पुढे जाईल.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी जी पहिल्यांदा बघणाऱ्याला माहीत नसते. दुसऱ्या सीझनच्या ‘नेसेसरी इव्हिल’ भागात कळतं की याच स्टेशनवर, जुन्या कार्डेशियन राजवटीत, तरुण किराने एका बेजोरी माणसाला मारलं होतं, आणि तो कार्डेशियन लोकांना सामील होता. म्हणजे फितुरांचं काय करायचं हे तिने एकदा स्वतःच्या हाताने ठरवून टाकलेलं आहे. त्याच भिंती. आता ती स्टेशनचा सुरक्षाप्रमुख ओडो याला सांगते की त्या काळात मी अशा माणसांचा तिरस्कार करायचे आणि आज मीच तशी झालेय. हे वाक्य भाषणासारखं येत नाही, स्वतःशी हिशोब करत असल्यासारखं येतं, म्हणून लागतं.

१५ जून

शीट दुसऱ्यांदा. यावेळी रंग नाहीत. एकच प्रश्न: हे पात्र *कशाने* बांधलेलं आहे? आणि ती गाठ त्याला स्वतःला दिसतेय का?

किरापुढे मी लिहिलं ‘सवय’. आणि दिसतेय का, तर पहिल्या सकाळी नाही, दुसऱ्या सकाळी हो. बस, एका शब्दात तिची सगळी वाटचाल आली. मला जरा बरं वाटलं.

कीवानपुढे ‘सोय’. दिसतेय का, हो, पहिल्यापासून. म्हणून त्याच्यात बदलायला काही नाहीच.

सिस्कोपुढे बराच वेळ काही सुचेना, मग ‘नियम’ लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय. जेमहदार उद्या.

१७ जून

आज फक्त जेमहदार.

दादाला समजवायला गेले तेव्हा तासभर गेला, तर इथे नीट मांडते. जेमहदार हे बनवलेले सैनिक आहेत, जनुकीय कारागिरी करून. ते जेवत नाहीत, झोपत नाहीत. त्यांच्या शरीरात एक एन्झाइम मुद्दाम ठेवलेलं नाही आणि ते मिळतं फक्त केट्रासेल व्हाइट नावाच्या द्रवातून, ज्याच्या कुप्या व्होर्टाच्या कुलपात असतात. व्हाइट संपलं की ते सैरभैर होतात, दिसेल त्याला मारतात, मग एकमेकांना, मग मरतात. व्हाइट वाटायचा एक विधी आहे. व्होर्टा विचारणार, तुझ्या माणसांच्या निष्ठेची ग्वाही देतोस का, म्होरक्या म्हणणार, आम्ही मरेपर्यंत फाउंडर्सशी (डोमिनियनचे रूप बदलणारे राज्यकर्ते, यांचे देवच) निष्ठेची शपथ घेतो, आणि मग कुपी मिळणार.

हे मी वाचून दाखवत होते तर दादा म्हणाला, “म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारे.”

मी तिथेच थांबले. यांना जेवण नाही, पाणी नाही, झोप नाही, आयुष्यात एकच गोष्ट तोंडी लागते आणि ती धन्याच्या हातून. आपल्याकडे मीठ ही म्हणायची गोष्ट आहे, इथे ते शब्दशः नळीतून मानेत जातंय. व्हॉइसओव्हरमध्ये हे घ्यायचंच, श्रेय दादाला.

पण मग पुढचा प्रश्न मी विचारला आणि तिथे आम्ही दोघंही अडकलो. या ग्रहावर शेवटची एकच कुपी उरलीय. मीठ संपत आलंय. मग निष्ठाही संपायला हवी ना? तुकडीतल्या काहीजणांची संपत चाललेली दिसतेच, त्यांचा तोल जायला लागतो. रेमाटाक्लानचा नाही जात. तो त्यांना दरडावतो, आवरतो, ओळीत ठेवतो. त्याचा हुद्दा अजून ‘तिसरा’ आहे, वरचे गेलेत आणि ‘पहिल्या’चं काम तोच करतोय, पण कीवानने त्याला तो मान दिलेला नाही. म्हणजे मीठही नाही आणि मानही नाही.

१८ जून

कालचंच पुढे.

कीवानचा सौदा असा. सिस्कोचे दोन जण, गॅराक आणि नॉग, जेमहदारांच्या हाती लागलेत. कीवान त्यांच्या बदल्यात सिस्को आणि डॉक्टर बशीरला बोलावून घेतो. बशीर त्याच्यावर उपचार करतो. आणि मग जेमहदारांना दूर पाठवून कीवान सांगतो की उद्या मी माझ्या माणसांना अमुक वाटेने तुमच्यावर हल्ला करायला पाठवणार आहे, हा घ्या आराखडा, तुम्ही दबा धरून बसा आणि त्यांना संपवा, मग मी तुम्हाला शरण येतो, माझ्याकडे बिघडलेली संपर्कयंत्रणा आहे ती तुमचा माणूस दुरुस्त करील आणि आपण सगळे सुटू. व्हाइट संपल्यावर ते मलाही मारणार, तुम्हालाही. त्याच्या आवाजात एवढीशीसुद्धा लाज नाही, दुकान आवरत असल्यासारखा बोलतो.

बाजूच्या रंगांनी बघितलं तर हा माणूस शत्रूकडून आपल्याकडे आला. आपण आनंद मानायचा. आणि बघणाऱ्या प्रत्येकाला त्याचा वीट येतो, सिस्कोसकट.

आता शेवटचा प्रसंग. सिस्कोची माणसं वर खडकांआड, खाली उघड्यावर जेमहदार. सिस्को गोळी झाडण्याआधी समोर येतो आणि रेमाटाक्लानला सांगून टाकतो की कीवानने तुम्हाला विकलंय, शस्त्र टाका, डॉक्टर तुम्हाला बेशुद्ध ठेवील, मदत येईपर्यंत जगवायचा प्रयत्न करू. हा माणूस तुझ्या निष्ठेच्या लायकीचा नाही.

रेमाटाक्लानला धक्का बसत नाही. त्याला बहुतेक आधीच कळलेलं असतं. त्याचं म्हणणं असं की निष्ठा कीवानने कमवायची गोष्टच नाही, मी जन्माला येण्याच्या क्षणापासून ती त्याची आहे, मी जेमहदार, तो व्होर्टा, जगाची रीत अशीच आहे. सिस्को विचारतो, या रीतीसाठी जीव देणार? आणि तो म्हणतो की जीव माझा कधी नव्हताच, मग द्यायचा कुठून.

आणि मग ते चढाई करतात आणि सगळे मरतात.

मी शीटमध्ये त्याच्यापुढे ‘अंग’ लिहिलं होतं, म्हणजे शरीराने बांधलेला. खोडलं. मग ‘शब्द’ लिहिलं. तेही अर्धंच आहे. गाठ दिसतेय का या रकान्यात मात्र शंकाच नाही: दिसतेय, इतरांपेक्षा स्वच्छ दिसतेय, ती गाठ कुणी बांधलीय, कशी बांधलीय, ती कुणाच्या फायद्याची आहे, सगळं. आणि तो ती सोडत नाही.

याला पात्राची वाढ म्हणायचं का? मी म्हणते हो. सुरुवातीला तो फक्त हुकूम पाळणारा म्होरक्या वाटतो, शेवटी तोच माणूस तोच हुकूम पाळतोय पण आता आपल्याला माहितीय की तो काय-काय जाणून पाळतोय. दादाचं मत वेगळं आहे. तो म्हणाला, “वाढ त्याची नाही झाली, तुझी झाली, तो तिथेच होता.” यावर आमचं भांडण झालं, मिटलं नाही, व्हिडिओत दोन्ही मतं ठेवणार आहोत.

(‘टू द डेथ’ आठवला, चौथा सीझन. तिथला जेमहदार म्होरक्या शेवटी आपल्या व्होर्टाला, वेयूनलाच गोळी घालतो, आमच्या निष्ठेवर शंका घेतलीस म्हणून. म्हणजे व्होर्टाला मारणं या लोकांना अशक्य नाहीये. रेमाटाक्लानलाही जमलं असतं. हे ध्यानात ठेवून शेवटचा सीन पुन्हा बघितला तर आणखी जड जातो.)

आणखी एक, उगाच, पण मला फार आवडलं: रेमाटाक्लान झालेला फिल मॉरिस १९६६ च्या मूळ मालिकेतल्या ‘मिरी’ भागात लहान मुलांच्या घोळक्यात होता. तिसेक वर्षांनी हा.

२० जून

सिस्कोचं प्रश्नचिन्ह. आराखडा हाती आल्यावर त्याच्या लोकांत वाद होतो. बेसावध माणसांना आडून मारायचं, हे बसत नाही काहींना. ओब्रायन म्हणतो युद्धातही नियम असतात. गॅराकचं उत्तर टिपिकल गॅराक, की तुमचे हे नियम जिंकणं तेवढं अवघड करतात. आणि गॅराक स्वतः कोण, कार्डेशियन, आपल्याच लोकांविरुद्ध फेडरेशनच्या बाजूने लढणारा, त्याची रेषा काढायची तर वेगळा व्हिडिओ लागेल, इथे हात लावत नाही.

नावाचं आज कळलं ते लिहून ठेवते. ‘रॉक्स अँड शोल्स’ म्हणजे शब्दशः खडक आणि उथळ पाण्यातले वाळूचे दांडे, जिथे जहाज लागतं. पण अमेरिकी नौदलात त्यांच्या जुन्या शिस्तीच्या कलमांना खलाशी हेच टोपणनाव वापरायचे, १९५१ मध्ये नवा लष्करी कायदा लागू होईपर्यंत ती कलमं चालू होती. म्हणजे नाव ग्रहावरच्या खडकांचं वाटतं आणि असतं नियमांचं. सिस्कोपुढचं प्रश्नचिन्ह काढलं, ‘नियम’ ठेवलं. तो नियम मोडत नाही, वाकवतो, आणि वाकवताना शत्रूला एक संधी देऊन स्वतःची टोचणी कमी करायला बघतो, जी होत नाही. सगळं संपल्यावर कीवान प्रेतांमधून चालत शरण यायला येतो तेव्हा सिस्कोचा चेहरा बघा.

मागच्याच भागात याच सिस्कोच्या टीमने व्हाइटचं अख्खं कोठार उडवलं होतं. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवलेल्या. इथे त्या कुप्यांच्या टोकाला जिती माणसं आहेत हे दिसतं.

२३ जून

व्हॉइसओव्हरचा पहिला खर्डा रेकॉर्ड केला, एकोणीस मिनिटं झाली. दादा म्हणाला अर्धं काप. मी म्हटलं जमणार नाही. दुसऱ्या दिवशी काप म्हणाला.

शब्दांची पंचाईत वेगळीच. ‘निष्ठा’ हा शब्द इतक्या वेळा आला की ऐकताना गुळगुळीत वाटायला लागला. मग एकेका पात्राला वेगळा शब्द देऊन बघितला. किराला इमान. रेमाटाक्लानला निष्ठा राहू दिली, त्यालाच शोभते. कीवानला काय? ‘फितूर’ म्हणवत नाही, फितुराला निदान दुसऱ्या बाजूकडून काहीतरी वाटतं, पैसा, राग, सूड. याला काहीच वाटत नाही. शेवटी त्याच्यासाठी नुसतं ‘पक्षांतर’ वापरलं आणि दादा हसला, म्हणजे बसला शब्द.

२४ जून

कापलं. गेला गॅराकचा उल्लेख, गेली ‘मिरी’ची गंमत, डॅक्सची जखम, नॉग. चौदा मिनिटं.

२६ जून

टाइमलाइनची फाइल करप्ट झाली. चूक माझीच, दादाचं काम सेव्ह होत असताना मी त्याच फोल्डरमध्ये नावं बदलत बसले होते. दोन दिवसांचं काम गेलं. दादा काही बोलला नाही, आणि तो काही बोलत नाही तेव्हा तो जास्त चिडलेला असतो. रेषा आता नव्याने काढायला लागणार. आज माझ्या बाजूने इथेच थांबते.

२९ जून

रेषा पुन्हा काढताना एक बदल झाला, फाइल गेल्याचा एवढाच फायदा. दादाने विचारलं की किराची रेषा शेवटी कुठे जाते, म्हणजे मालिकेत पुढे. मी सांगायला बसले. ती आणि ओडो मिळून स्टेशनवर छुपा प्रतिकार उभा करतात, पण दोनच भागांनंतर ‘बिहाइंड द लाइन्स’मध्ये ऐन वेळी ओडोच फिरकत नाही, कारण तो तेव्हा आपल्या जमातीच्या फाउंडर बाईबरोबर एकरूप व्हायच्या नशेत आहे, आणि त्यांचा साथीदार, बिचारा रॉम पकडला जातो. आणि सातव्या सीझनमध्ये तर हीच किरा स्टारफ्लीटचा, म्हणजे फेडरेशनच्या दलाचा, गणवेश घालून दमारला, म्हणजे स्टेशनवरच्या कार्डेशियन म्होरक्या डुकाटच्या एकेकाळच्या उजव्या हाताला, डोमिनियनविरुद्ध गनिमी काव्याने कसं लढायचं ते शिकवते. कार्डेशियन लोकांना. जी सगळी विद्या ती त्यांच्याचविरुद्ध शिकली होती.

दादा बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “बाजू तर तिने तिथेही बदललीच की. मग तिथे तिला आरसा का नाही दाखवत?”

माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. नंतर सुचलं, की तिथे ती प्रत्येक पाऊल डोळे उघडे ठेवून टाकते, चिडून, नकोसं वाटून, पण बघून. आरसा लागतो तो न बघता चालणाऱ्याला. ही दोन वाक्यं रेकॉर्ड करून किराच्या भागाच्या शेवटी जोडली. ओडोचं पण एक वाक्य ठेवलं, काढवेना.

कीवानचंही पुढचं सांगितलं दादाला. ‘द मॅग्निफिसंट फेरेंगी’ भागात कैद्यांच्या अदलाबदलीत तो चुकून मरतो आणि मग त्याच्या प्रेताला यंत्रं लावून चालवतात, जिवंत आहे असं भासवायला. विनोदी एपिसोड आहे. स्वतःचा जीव वाचवायला आपलीच माणसं विकणाऱ्याचं शेवटी हे. दादा म्हणाला हे व्हिडिओत नाही घेतलंस तर मी एडिट करणार नाही. घेतलं.

२ जुलै

फायनल लांबी बारा मिनिटं वीस सेकंद. सुरुवातीला चुकलेलं रंगीत चित्र आहे, कीवानचा लांब बाण आणि बाकीच्यांच्या सपाट रेषा, त्यावर मी म्हणते की या चित्रात सगळं बरोबर आहे आणि काहीच कळत नाही. यासिमच्या जागी रेषा दोन सेकंद थांबते. रेमाटाक्लानची रेषा पूर्ण सरळच ठेवलीय, फक्त दादाने ती शेवटाकडे हळूहळू जाड केली, मला न विचारता. वाढ त्याची झाली नाही म्हणणाऱ्याने. मी काही बोलले नाही.

एक्सपोर्टला लावलंय, चाळीस टक्के झालंय.